केसपेपरवरचे ‘दोन दिवस’

माझं तोंड आता दोन बोटं उघडतं. मोजायची पद्धत अशी की आपलीच बोटं एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घालायची. धडधाकट माणसाची तीन बोटं सहज जातात. माझी दोन, तीही सकाळी व्यायाम केल्यावर. वडापाव बंद झाला, जांभई आली की हनुवटी हाताने धरावी लागते, आणि गळ्यावर बरोबर मध्यभागी एक वण आहे. लोक विचारतात, “थायरॉइडचं ऑपरेशन का?” मी सांगते, “नाही, दात.” मग ते हसतात. मी मस्करी करतेय असं त्यांना वाटतं.

दातापायी माणूस मरणाच्या दारात जाऊ शकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. मला माहीत होतं. माझ्या टेबलावरून अशा दोन फायली गेल्या होत्या. तरीही मी जे केलं ते केलं, आणि ते वेडेपणाने नाही, हुशारीने केलं. म्हणूनच लिहायला बसले आहे. वेड्यांना समजावणारे पुष्कळ असतात. आपल्यासारख्या हुशार माणसांना कोण समजावणार?

माझी नोकरी

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत मी अकरा वर्षं विम्याचे क्लेम तपासते. आम्ही विमा विकत नाही आणि पैसेही आमचे नसतात. हॉस्पिटलकडून आलेले कागद वाचायचे, पॉलिसीत बसतं की नाही ते ठरवायचं आणि मंजूर किंवा नामंजूर लिहून पुढे पाठवायचं.

फाईल उघडली की नवीन मुलं आधी बिल बघतात. मी केसपेपर बघते. पेशंटला आणलं त्या घटकेला ड्यूटीवरच्या डॉक्टरने घाईघाईत लिहिलेली एक ओळ त्यात असते: त्रास कधीपासून आहे. पेशंट स्ट्रेचरवर कण्हत असतो, घरचे भेदरलेले असतात, आणि डॉक्टर विचारतो, “किती दिवसांपासून?” तेव्हा कुणाला पॉलिसी आठवत नाही. घाबरलेला माणूस खरं बोलतो. आमचं निम्मं काम त्या खऱ्यावर चालतं.

एकदा चुकून एक फोन माझ्याकडे वळवला गेला. जवळच्याच बाळकुमचे एक गृहस्थ होते, तिथलेच पिढीजात, आवाजावरून साठीच्या पुढचे. त्यांच्या बायकोच्या पित्ताच्या खड्यांचा क्लेम मी नामंजूर केला होता. पॉलिसीला वर्षच झालं होतं आणि ह्यांनी केसपेपरवर सांगितलं होतं की दोन वर्षांपासून पोटात दुखतंय. ते भांडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “बाय, मी खरा सांगला, त्याच चुकला का?”

मी म्हटलं, “निर्णय आपल्याला पत्राने कळवलेला आहे.” फोन ठेवला आणि डबा खायला गेले. पडवळाची भाजी होती.

दात

नोकरदारांच्या विम्यात दात सहसा नसतात. अपघातात जबडा फुटला तर गोष्ट वेगळी. त्या वर्षी एप्रिलमध्ये मात्र आमच्या ऑफिसने दातांचं जादा कव्हर देऊ केलं. पगारातून दर महिन्याला थोडे कापायचे, मग रूट कॅनालपासून ऑपरेशनपर्यंत सगळं त्यात. अट एकच होती. पहिले सहा महिने थांबायचं, आणि त्या सहा महिन्यांत सुरू झालेलं कुठलंही दुखणं धरायचं नाही. मी तिघांसाठी घेतलं: मी, माझा नवरा प्रकाश आणि आमची मुलगी जुई.

जूनच्या मध्यावर माझी खालची उजवी दाढ ठणकायला लागली.

आम्ही डोंबिवलीला राहतो, चौथ्या मजल्यावर. त्याच इमारतीत तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर मॅडम जुईच्या लहानपणापासून ओळखीच्या. लिफ्टने खाली उतरले असते तर अर्ध्या तासात विषय संपला असता. पण मॅडमकडे गेलं की कागद होणार, कागदावर तारीख पडणार, आणि ती तारीख सहा महिन्यांच्या आतली असणार. पुढे हा कागद कुठे पोचतो आणि कोण तो डोळ्यांत तेल घालून वाचतं, हे माझ्याएवढं कुणाला माहीत होतं? मी मॅडमना लिफ्टपाशी भेटले की ओठ मिटून हसायची.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला माझी दया येईल. पैसे नव्हते म्हणून मी थांबले असं नाही. रूट कॅनाल आणि वरची कॅप मिळून जेवढे लागले असते तेवढे घरात होते, फ्रिज बदलायला ठेवलेले. मी थांबले ते नियम माहीत होता म्हणून. ज्या नियमाने मी रोज लोकांना परत पाठवत होते, त्या नियमातून स्वतः अलगद निसटून दाखवायची मला खुमखुमी होती.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सप्टेंबर संपतो तिथे मी पेनने गोल केला. लवंगेचं तेल आणलं, दुखणं थांबवायच्या गोळ्या आणल्या. गाल सुजला तेव्हा जुईच्या तापाच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल घेतल्या, दोन दिवस. सूज उतरली, बंद केल्या. असं तीनदा केलं. गणपतीत मोदक डाव्या बाजूने खाल्ले आणि खाल्ले याचंच कौतुक वाटलं.

जुई एकोणीस वर्षांची आहे, तिच्या तोंडाला फाटक नाही. “आई, तू ना लेव्हल आहेस यार. खाली डेंटिस्ट, वर पेशंट, मध्ये फक्त लिफ्ट. प्रॉब्लेम काय आहे तुझा?”

“प्रॉब्लेम तुला नोकरी लागली की कळेल.”

प्रकाशला मात्र मी नीट तयार केलं. तो कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही, जमतच नाही. भाजीवाल्याने दहा रुपये जास्त परत दिले तर हा अर्ध्या रस्त्यातून मागे फिरतो. मी त्याला जेवताना सांगितलं, “मुदत संपली की डॉक्टरांकडे जायचं. कधीपासून दुखतंय विचारलं तर दोन दिवस म्हणायचं.”

“पण तुझं तर...”

“दोन दिवस. म्हण.”

“दोन दिवस,” तो म्हणाला, वर्गातल्या ढ मुलाने पाढा म्हणावा तसा.

गुरुवार

मुदत सोमवारी संपली. मी जिंकले होते. शनिवारची वेळ घेतली.

गुरुवारी सकाळी उठले तर हनुवटीखाली दगड बांधल्यासारखं झालं होतं. थुंकी गिळता येईना. जीभ आपोआप वर उचलली जाऊन टाळूला टेकत होती, आणि बोललं की तोंडात मोठा घास ठेवून बोलल्यासारखा आवाज येत होता. प्रकाश मला खाली घेऊन गेला. डॉक्टर मॅडमनी मला खुर्चीवर बसूही दिलं नाही. दारातच हनुवटीखाली दोन बोटं दाबून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“कधीपासून आहे हे?”

मी दोन बोटं वर केली.

“नीलिमाताई, हे माझ्या हातातलं नाही. श्वासाची वाट बंद होऊ शकते. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जा. घरी पर्स आणायलासुद्धा जाऊ नका.”

भाड्याच्या गाडीने, दोघं मागच्या सीटवर, ठाण्याला निघालो. मला मागे टेकता येत नव्हतं, टेकलं की श्वास अडायचा. पुढे वाकून, तोंडाखाली नॅपकिन धरून बसले होते आणि लाळ त्यात गळत होती. त्या अवस्थेत मी फोनवर टाईप केलं आणि प्रकाशसमोर धरलं: दोन दिवस. औषध काही घेतलं नाही.

त्याने वाचलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर पॅड घेऊन आला. “किती दिवसांपासून?”

“दोन दिवस,” प्रकाश म्हणाला.

“आधी काही औषध? अँटिबायोटिक वगैरे?”

“नाही.”

त्याचे कान लाल झाले होते. डॉक्टरचं लक्ष नव्हतं, तो लिहीत होता. उलट्या बाजूने वाचायची सवय मला नोकरीने लावली आहे. त्या पेनाखालची ओळ मी वाचली. श्वास पुरत नव्हता, छाती फुटेल असं वाटत होतं, आणि तरी मला समाधान वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं हे खरं.

वॉर्ड

संध्याकाळपर्यंत कॅशलेसची मंजुरी आली. मीच पाठवावी अशी, स्वच्छ.

सलाईन लावलं, त्यातून अँटिबायोटिक सुरू झालं. घरी तीनदा अर्धवट घेतलेल्या त्याच कॅप्सूलचं ते इंजेक्शन होतं. मला नाव कळलं होतं. मी गप्प राहिले.

शुक्रवार कसा गेला तो सांगता येत नाही, कारण त्यात काही घडलं नाही. सहाला सिस्टर ताप बघायची, सातला चादर, नऊला राऊंड, मग दिवसभर समोरच्या भिंतीवरचं घड्याळ. मी बसून होते. आडवं होता येत नव्हतं. आपण रोज किती वेळा थुंकी गिळतो हे माणसाला माहीत नसतं. गिळणं बंद झालं की कळतं, दर मिनिटाला तोंड भरतं. मला भीती वाटत होती ती मरणाची नाही, पुढच्या थुंकीची.

वॉर्डात एक मावशी होत्या, फरशी पुसणाऱ्या. माझा नॅपकिन भिजला की न सांगता बदलायच्या, हनुवटी पुसायच्या. पहिल्यांदा मी त्यांचा हात बाजूला केला.

“लाज कसली ताई,” त्या म्हणाल्या, “लहान पोरांचं नाय का पुसत?”

त्या दोन दिवसांत मला रडू आलं ते एवढ्यावरच.

शनिवारी दुपारपर्यंत सूज गळ्यावरून छातीकडे सरकली. ताप हलेना. मोठे डॉक्टर, म्हणजे जबड्याचे सर्जन, माझ्यापाशी येऊन उभे राहिले. केसपेपर उघडून त्यांनी वाचला, मला बघितलं, पुन्हा वाचला.

“दोन दिवसांचं इन्फेक्शन असं वागत नाही,” ते म्हणाले. “हे औषध लागू पडायलाच हवं होतं. काही सांगायचं राहिलंय का?”

मी मान हलवली. नाही.

मग त्यांनी प्रकाशकडे बघितलं. मीही बघितलं. बोलता येत नसलं तरी नवऱ्याला डोळ्यांनी काय सांगायचं ते वीस वर्षांत शिकलेली असते बाई. प्रकाशच्या हातात माझ्या चष्म्याची डबी होती. ती तो उघडत होता, मिटत होता.

“साडेतीन महिने,” तो म्हणाला.

आणि मग थांबलाच नाही. लवंगेचं तेल, गोळ्या, कॅप्सूल, तीनदा, दोन-दोन दिवस. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जुई उभी होती, तिला कॅप्सूलचं नाव पाठ होतं, तिने सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी केसपेपरवर आधीच्या ओळीखाली नवी ओळ लिहिली, सही केली, आणि तिथूनच एकामागून एक सूचना सुरू झाल्या. औषध बदला. स्कॅन आत्ता. थिएटर तयार ठेवा. गळ्यातून श्वासाची नळी घालावी लागेल, सही कोण करणार?

थिएटरकडे ढकलत नेताना माणसाच्या मनात काय येतं असं पुष्कळजण विचारतात. देव आला नाही. जुईसुद्धा आली नाही. गेलं सगळं, एवढंच आलं. आणि या माणसाने मला बुडवलं.

पॅड

गळ्यात नळी असली की आवाज निघत नाही. अकरा दिवस मी बोलले नाही. प्रकाशने शाळेतून चित्रकलेचा पॅड आणि पेन्सिल आणून दिली होती. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं वाक्य लिहिलं: का सांगितलंस?

त्याने वाचलं. पॅड माझ्या पायापाशी ठेवला आणि बाहेर गेला.

त्यानंतर मी पॅडवर फक्त लागेल तेवढंच लिहायची. पाणी. सिस्टर. उशी. तो रोज शाळा सुटल्यावर कल्याणहून ठाण्याला यायचा, स्टुलावर बसायचा, पेन्सिलीला टोक काढून ठेवायचा. मी भिंतीकडे तोंड करायची. जुई एकदा माझ्यावर उखडली. “बाबा कॉरिडॉरमध्ये बसून रडतो, माहितीये? तुला काय पडलंय.” मी डोळे मिटून घेतले.

हात थरथरायचा, त्यामुळे माझं अक्षर सिस्टरना लागत नव्हतं. एक दिवस प्रकाशने पॅडचं पहिलं पान भरून आणलं. छोटी छोटी चित्रं होती: पाण्याचा पेला, उशी, पंखा, सुई, नळीत अडकलेला कफ, बाथरूम, हसरा चेहरा, रडका चेहरा. मी बोट ठेवायचं, समोरच्याला कळायचं. खालच्या कोपऱ्यात जुईचा चेहरा होता, तिला बोलवायचं असेल तर. त्याने स्वतःचं चित्र काढलं नव्हतं.

नळी निघेपर्यंत मी ते पान वापरलं. त्याला एकदाही चांगलं म्हटलं नाही.

नळी निघायच्या आदल्या दिवशी सर्जन खुर्ची ओढून बसले. उजव्या बाजूचं जबड्याचं हाड आतून सडलं होतं, तेवढा तुकडा आणि तीन दात काढले होते. हाडात ते महिनोन् महिने चालू असणार. “दोन दिवसांची केस म्हणून आम्ही हाड बघितलंच नव्हतं. औषधही ते तुमच्या जंतूंच्या ओळखीचं झालेलं, त्याचा उपयोग शून्य. अजून एक दिवस तसंच चाललो असतो तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझा हात थोपटला आणि गेले.

मी ते वाक्य दिवसभर पुरं करत बसले.

त्याच दुपारी इन्शुरन्स डेस्कवरची मुलगी कागद घेऊन आली. “मॅडम, हिस्टरी बदललीये ना, त्यामुळे कॅशलेस त्यांनी मागे घेतलंय.” ती बिचारी चाचरत होती. तिने वाचायच्या आधीच पुढचा मजकूर मला पाठ होता. फ्रिजचे पैसे गेले, प्रकाशचा पीएफ गेला, भावाने काही दिले. आकडा लिहीत नाही. तो कळून कुणाचं भलं होणार नाही, आणि त्यात दाढ किती वेळा नीट झाली असती हा हिशेब मी एकदा केला आहे, पुन्हा करायची हिंमत नाही.

चुकीचं पत्र

घरी आले. ऑफिसमधली रेश्मा भेटायला आली, माझ्याच हाताखाली काम शिकलेली. चिकू घेऊन आली होती, कुस्करून खाता येतील म्हणून. प्रकाश चहा टाकायला आत गेला तसा तिने आवाज खाली आणला.

“मॅडम, तुम्हाला मी काय सांगणार. क्लेम टाका ना परत. डॉक्टरांचं एक पत्र आणा, साडेतीन महिने नाही, साडेतीन दिवस, लिहिताना चूक झाली म्हणून. आपण घेतो ना अशी पत्रं.”

घेतो. मी स्वतः घेतली आहेत. डॉक्टरची सही आणि शिक्का असला की आम्ही खोलात जात नाही. हा उपाय मलाही सुचला होता, मी फक्त कुणीतरी बोलायची वाट बघत होते.

पुढच्या तपासणीला मी पत्र टाईप करूनच नेलं. फक्त सही बाकी. सर्जननी ते वाचलं, चष्मा काढला.

“लोक मागतात अशी पत्रं,” ते म्हणाले. “तुमचं नुकसान मोठं आहे, मला कळतं. पण हे फाईलला लागणार. हाडाचं दुखणं परत उलटू शकतं, काही वर्षांनीसुद्धा. तेव्हा मी इथे असेन की नाही कुणास ठाऊक. समोरचा डॉक्टर हा कागद वाचेल आणि साडेतीन दिवस धरून चालेल. तसं आपण एकदा चालून बघितलंय.”

प्रकाश शेजारच्या खुर्चीत होता. तो भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत होता, आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

मी पत्र उचललं आणि पर्समध्ये ठेवलं. माझ्यात एकाएकी सचोटी जागी झाली असं कुणी समजू नये. मला त्या नॅपकिनची आठवण झाली, तोंडात साठणाऱ्या थुंकीची झाली. मी घाबरले, बस. घाबरलेला माणूस खरं बोलतो.

विचारणाऱ्यांसाठी

आता ओळखीपाळखीतले विचारतात, तू तर यातलीच, मग दातांचा विमा घ्यावा का? मी सांगते, घ्या, परवडत असेल तर. पण थांबायची मुदत किती, काय काय धरत नाहीत आणि वर्षाला जास्तीत जास्त किती देतात, हे सही करायच्या आधी विचारा. विकणारा नीट उत्तर देत नसेल तर तेच पैसे वेगळ्या डब्यात टाका आणि दर सहा महिन्यांनी दात दाखवून या. विमा आपल्यासाठी असतो. मी दाढेला विम्यासाठी राखून ठेवली होती.

आणि डॉक्टरने विचारलं कधीपासून, तर जे आहे ते सांगा. क्लेम बुडेल कदाचित. बुडू द्या. हे मी सांगतेय, जिने असे क्लेम बुडवले आहेत.

नामंजुरी

क्लेम मी पत्राशिवाय टाकला. तो दुसऱ्या टीमकडे गेला, नियमच तसा आहे. महिन्याभराने उत्तर आलं. रविवार होता, मी पेज गाळत होते. प्रकाशने पाकीट फोडलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोठ्याने वाचायला लागला.

“सदर आजाराची लक्षणे प्रतीक्षा कालावधीत सुरू झाल्याचे, रुग्णालयात आपण स्वतः दिलेल्या माहितीवरून दिसून येते...”

तो तिथेच थांबला.

तो मजकूर माझा होता. काही वर्षांपूर्वी मराठी पत्रं काढायची ठरली तेव्हा तो मी लिहिला होता. मूळ मसुद्यात ‘स्वतः’ हा शब्द नव्हता. तो मी घातला, कारण तुम्हीच सांगितलंत असं बजावलं की लोक वाद घालत नाहीत, फोन कमी येतात. आणि खरंच कमी आले होते. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं होतं.

“आपण स्वतः,” प्रकाश म्हणाला. “म्हणजे मीच ना.” त्याने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग इतक्या दिवसांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. “नीलू, मी खरं सांगितलं, तेच चुकलं का गं?”

मी गाळणी खाली ठेवली.

मी त्याला सांगितलं की ते वाक्य माझं आहे. बाळकुमच्या गृहस्थांचा फोनही सांगितला, पडवळाच्या भाजीसकट. मग मी म्हटलं, “नाही चुकलं. तू अजून एक दिवस माझं ऐकलं असतंस तर मंजुरीचं पत्र आलं असतं, पण ते तुला एकट्याला वाचावं लागलं असतं.” माझ्या तोंडून एवढं मोठं वाक्य नीट निघत नाही, काही अक्षरं गिळली जातात. मला ते दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत तो खाली बसला होता, फरशीवर, ओट्याला टेकून, आणि तोंडावर हात धरून रडत होता. मीही त्याच्या शेजारी बसले. पेज निवून गेली.

मी अजून त्याच ऑफिसात आहे. घर चालायला हवं. फाईल आली की अजूनही आधी केसपेपरच उघडते, दुसरं काही मला येत नाही. पत्रातला तो शब्द काढावा म्हणून मी वर लिहून दिलं आहे. अजून उत्तर नाही.

बाळकुमच्या गृहस्थांची जुनी फाईल मी शोधून काढली. त्यात त्यांचा नंबर आहे. अशा माणसांना आपण होऊन फोन करायची आम्हाला परवानगी नाही, पण मी दोनदा लावला आणि दोन्ही वेळा वाजायच्या आत ठेवून दिला. मला त्यांना काही समजावायचं नाही, पैसेही मिळवून देता येणार नाहीत. त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला तेव्हाही येत होतं.